हट्टी बुश: जुन्या पिकअपच्या सांध्यात अडकलेला शतकभराचा इतिहास

#इतिहासधागा

१/
सत्तर वर्षांपूर्वीचा शेव्हरोले पिकअप गॅरेजमध्ये उभा आहे. इंजिन उतरवून झाले, पत्रा खरवडून झाला, चाके निघाली. पुनरुज्जीवनाचे काम सुरळीत चालले असताना एका जागी मात्र सारे अडते. कमानपाट्याच्या टोकाशी असलेल्या गोल भोकात अंगठ्याएवढी पोलादी नळी बसलेली असते आणि ती काही केल्या बाहेर येत नाही. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या कार्यशाळांत हा प्रसंग रोज घडतो. ही नळी म्हणजे बुश. ती का अडकते आणि इजा न करता कशी निघते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बैलगाडीपासून रबराच्या मळ्यांपर्यंतचा इतिहास उलगडत जातो.

२/
प्रथम बुश म्हणजे काय ते पाहू. गाडीचा सांगाडा आणि चाकांचा आस यांच्यामध्ये कमानपाटे असतात. खड्डा आला की पाटा सपाट होतो आणि त्याची लांबी किंचित वाढते. म्हणून त्याचे एक टोक सांगाड्याला पिनेने जोडतात, तर दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. पाट्याचे टोक गोल वळवून जे भोक तयार होते त्याला कारागीर ‘डोळा’ म्हणतात. डोळ्यात बुश आणि बुशात पीन, अशी ही रचना. पीन हलते, डोळा स्थिर राहतो आणि दोघांमधली झीज बुश सोसतो.

३/
ही कल्पना मोटारीहून कितीतरी जुनी आहे. बैलगाडीच्या लाकडी तुंब्यात लोखंडी नळी बसवण्यामागे हाच विचार होता. आस लाकडावर घासला तर तुंबा संपतो आणि तुंबा संपला की सारे चाक वाया जाते. म्हणून झिजण्याचे काम एका स्वस्त, बदलता येणाऱ्या तुकड्याकडे सोपवले गेले. गाडीखाली लटकणारे वंगणाचे नळकांडे ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू. लंडनच्या ओबडाया एलियटने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानपाट्याचे पेटंट घेतले. पुढे घोडागाड्या अशा पाट्यांवर तरंगू लागल्या आणि पाट्यांच्या सांध्यांतही असे झिजणारे तुकडे आले.

४/
आता अमेरिकेकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथला शेतकरी मोटार विकत घेई, तिचा मागचा भाग कापून टाकी आणि गावच्या सुताराकडून लाकडी पेटी बसवून घेई. ही गरज ओळखून फोर्डने १५ एप्रिल १९२५ रोजी ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. कारखान्यातून पूर्ण तयार होऊन आलेला फोर्डचा हा पहिला पिकअप होता आणि पहिल्याच वर्षी अशा सुमारे ३४,००० गाड्या तयार झाल्या. शेतमाल, दुधाचे कॅन, कुंपणाचे खांब, कधी एखादे वासरू असे सारे ओझे तिच्या पाट्यांवर आणि पाट्यांमधल्या लहानशा बुशांवर येऊ लागले.

५/
बुश हा मुद्दाम बळी देण्यासाठी घडवलेला भाग आहे. महागडा पाटा, सांगाड्याला रिव्हेटांनी ठोकलेला आधार आणि कठीण पीन वाचावी म्हणून तो स्वतः झिजतो. त्यामुळे तो बदलता येणे हे त्याच्या रचनेतच गृहीत होते. कारखान्याने तो दाबून बसवला तो पुढे कुणीतरी दाबून काढेल या हिशेबानेच. परंतु हे काढणे दहा-पंधरा वर्षांनी होईल, असा तो हिशेब होता. सत्तर वर्षांनी कुणी हे काम हाती घेईल, याचा विचार त्या काळी कुणी केला असण्याचे कारण नव्हते.

६/
धातूच्या बुशाला वंगण लागते आणि ते आत पोहोचवणे हीच पूर्वी मोठी कटकट होती. जुन्या गाड्यांवर ग्रीसचे छोटे पेले असत. त्यांची टोपी हाताने थोडी थोडी पिळून ग्रीस आत ढकलावे लागे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिकागोच्या आर्थर गुलबोर्गने दाबाने ग्रीस भरणारी बंदूक तयार केली. ‘अॅलेमाइट’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पुढे ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेल्या ऑस्कर झर्कने आज सर्वत्र दिसणाऱ्या छोट्या ग्रीस निपलचे पेटंट १९२९ मध्ये मिळवले. इंग्रजी भाषक कारागीर आजही त्या निपलला ‘झर्क’च म्हणतात.

७/
निपल आले तरी कष्ट संपले नाहीत. त्या काळच्या पिकअपला साधारण दर १,००० मैलांनी खाली शिरून प्रत्येक सांध्यात ग्रीस भरावे लागे. नांगरणी-कापणीच्या दिवसांत हे कोण करणार? एक फेरी चुकली, मग दुसरी. जुने ग्रीस धूळ खाऊन कडक होई, निपलचे तोंड बंद होई आणि बंदुकीने कितीही दाब दिला तरी ताजे ग्रीस आत शिरत नसे. मग पीन आणि बुश कोरडे घासू लागत. आज पुनरुज्जीवन करणाऱ्यासमोर येणारा हट्टी बुश पुष्कळदा अशा चुकलेल्या फेऱ्यांची बेरीज असतो.

८/
या कष्टांवर उत्तर आले ते रबराच्या रूपाने. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला. अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळाले. त्याच काळात इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकनेही तीच प्रक्रिया पेटंटबद्ध केली. गुडइयर १८६० मध्ये वारला तो कर्जाचा डोंगर मागे ठेवून. पण लवचीक, टिकाऊ रबर जगाला मिळाले होते. टायरच्या रूपाने ते मोटारीखाली आलेच होते. सांध्यांत शिरायला मात्र त्याला विसावे शतक उजाडावे लागले.

९/
अडचण होती ती रबर धातूला धरून राहण्याची. १९२०च्या दशकात त्यावर दोन वाटा निघाल्या. युरोपात लेऑन तिरीच्या रचनेतून ‘सिलेंटब्लॉक’ आला. दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर प्रचंड दाबाने कोंबायचे, म्हणजे ते स्वतःच्या दाबानेच दोन्ही नळ्यांना घट्ट धरते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील इरी शहरात ह्यू लॉर्ड या पेटंटविषयक वकिलाने १९२४ मध्ये कंपनी काढली. तिने रबर धातूला रासायनिक बंधाने जोडण्याचे तंत्र वाढवले. दोन्ही वाटांनी निघालेल्या बुशात काहीच घासत नाही. रबर पिळले जाते आणि पुन्हा जागेवर येते. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही.

१०/
रबराची ही करामत सामान्य ग्राहकाला प्रथम ठळकपणे जाणवली ती १९३१ मध्ये. क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबरी आधारांवर बसवले आणि त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ असे नाव दिले. चार सिलिंडरांच्या इंजिनाची थरथर आतल्या माणसापर्यंत पोहोचेनाशी झाली. फ्रान्सच्या सिट्रोएनने हे तंत्र परवान्याने घेतले आणि जाहिरातीत तरंगणारा हंस झळकवला. रबर आता केवळ रस्त्याला भिडणारी वस्तू राहिली नाही. ते यंत्राच्या पोटात शिरले.

११/
मग युद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन थांबले. त्याच महिन्यांत जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज व्यापले आणि अमेरिकेला होणाऱ्या नैसर्गिक रबराच्या पुरवठ्यापैकी सुमारे नव्वद टक्के वाटा हातचा गेला. त्यातून कृत्रिम रबराचा अवाढव्य सरकारी कार्यक्रम उभा राहिला. १९४५ पर्यंत वार्षिक उत्पादन सात लाख टनांच्या पुढे गेले. या टंचाईच्या वर्षांत शेतावरच्या जुन्या पिकअपना दुसरा पर्याय नव्हता. मिळेल ते ग्रीस भरून, झिजलेल्या बुशांवरच त्या पळवल्या गेल्या.

१२/
युद्धकालीन जीपमध्ये या सांध्याचा एक वेगळाच अवतार दिसतो. तिच्या पाट्यांचे शॅकल ‘यू’ आकाराचे असून त्यांना आणि त्यांच्या बुशांना आटे पाडलेले असत. खेरीज काही जागी हे आटे उलटे असत आणि ओळखीसाठी त्या तुकड्यांवर खूण असे. ज्याला हे ठाऊक नाही तो पाना लावून जोर करतो, पाइप घालून आणखी जोर करतो आणि बुश ‘गंजला’ असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात तो बुश अधिकच घट्ट करत असतो! हट्ट धातूचा की अज्ञानाचा, हे आधी पाहावे लागते.

१३/
या जीपचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याआधी, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या येत आणि शेव्हरोले गाड्या इथे उभ्या राहत. १९५४ मध्ये कंपनीने भारतातले ते काम आवरले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून डॉज आणि फार्गो वाहने निघत. पिना, पाटे आणि ग्रीस यांचे हे अमेरिकन शास्त्र मुंबईच्या कारागिरांच्या हाती आले ते या वाटांनी.

१४/
पुन्हा त्या गॅरेजमधल्या पिकअपकडे. १९४७च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने ‘अॅडव्हान्स डिझाइन’ मालिका आणली. युद्धानंतर जनरल मोटर्सने नव्याने आखलेली ही पहिली वाहने. अर्ध्या टनाचा ३१००, पाऊण टनाचा ३६००, एक टनाचा ३८००. १९५५च्या आरंभापर्यंत ही मालिका चालली आणि आज जुन्या पिकअपच्या शौकिनांची ती लाडकी आहे. पुढे इंग्रजी ‘आय’ अक्षरासारख्या छेदाचा भरीव आस, चारही कोपऱ्यांत कमानपाटे, पाट्यांच्या डोळ्यांत आणि सांगाड्याच्या आधारांत पातळ पोलादी बुश. रचना साधी, दणकट आणि ग्रीसवर अवलंबून. हट्टी बुशांच्या कहाण्या या मालिकेतून विपुल निघतात.

१५/
पुढची उडी १९६० मध्ये पडली. जनरल मोटर्सच्या नव्या पिकअपमध्ये पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलू लागली. शेव्हरोलेच्या हलक्या पिकअपमध्ये मागचे पाटे जाऊन दोन लांब बाहू आणि गुंडाळी स्प्रिंगा आल्या. १९६५ मध्ये फोर्डने ‘ट्विन आय-बीम’ ही आपली रचना आणली. या दोहोंत मोठमोठे रबरी बुश होते. ग्रीस भरण्याचे कष्ट कमी झाले, प्रवास मऊ झाला. पण जुना बुश ग्रीस भरून जगवता येई. रबर एकदा चिरले की चिरले. सोय वाढली तसे देखभालीचे सामर्थ्य मालकाच्या हातून थोडे निसटले.

१६/
आता मूळ प्रश्न. बुश अडकतो का? पहिले कारण रचनेतच आहे. बुशाचा बाहेरचा व्यास डोळ्याच्या व्यासापेक्षा केसभर जास्त ठेवतात. मिलिमीटरचे काही शतांश, एवढाच तो फरक. दाबून बसवल्यावर डोळा बुशाला सर्व बाजूंनी आवळतो आणि बुश त्याला बाहेर रेटतो. घर्षण पकड देते ती या परस्पर दाबातून. नवा असताना हा बुश काढण्यासाठी लागणारे बळ प्रेसच्या आवाक्यात असते. पुढे त्यात काळ भर घालतो.

१७/
दुसरे कारण गंज. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते. गंजाच्या प्रकारानुसार ते मूळ धातूच्या दुप्पट ते कित्येक पट होते. उघड्या पत्र्यावर हा गंज पापुद्रे होऊन गळून पडतो. बुश आणि डोळा यांच्यामधल्या फटीत मात्र त्याला जाण्यास जागा नसते. केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते, वाळायला वेळ लागतो, गंज वाढत राहतो आणि पाचरीसारखा दोन्ही भिंतींवर रेटा देतो. केसभर फरकाने बसवलेला बुश आता जणू आणखी जाड होऊन बसलेला असतो.

१८/
गंजाच्या या पाचरीने इतिहासातली मोठी हानीही घडवली आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये प्राचीन कारागिरांनी संगमरवरी चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते आणि त्यांभोवती शिसे ओतून पाणी अडवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोसच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला, तेव्हा साधे लोखंड उघडेच वापरले गेले. ते गंजले, फुगले आणि संगमरवराला तडे गेले. १९७५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि त्यानंतरच्या कामात ते लोखंड काढून टायटेनियम वापरले जाऊ लागले. पाट्याचा डोळा आणि मंदिराचा चिरा यांचा शत्रू एकच आहे.

१९/
म्हणून बुश किती हट्टी आहे, हे गाडीचे आयुष्य कुठे गेले यावर बरेचसे ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. मिठाचे पाणी सांध्यांत शिरून गंज वेगाने वाढवते. मिशिगन किंवा ओहायोत हिवाळे काढलेला पिकअप आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात उभा असलेला त्याचाच जुळा भाऊ यांचे बुश दोन निराळ्या भाषा बोलतात. कोकणच्या किनाऱ्यावर उभी राहिलेली जीप आणि मराठवाड्यात राबलेली जीप यांच्याविषयीही हेच म्हणता येईल.

२०/
बुश काढण्याच्या रीतींचा क्रम सौम्यापासून कठोराकडे जातो आणि हा क्रम मोडणे हीच नवख्याची पहिली चूक. प्रथम साफसफाई. तारेच्या ब्रशने कडांवरचा गंज आणि रंग काढायचा, म्हणजे बुशाची कड नेमकी कुठे संपते ते दिसते. मग गंजात मुरणारे पातळ तेल, दिवसातून दोनदा, काही दिवस. हातोड्याचे हलके ठोके तेलाला वाट करून देतात. ज्या कामाला सत्तर वर्षे लागली ते उलटवण्यासाठी आठवडाभर थांबणे ही काही मोठी किंमत नव्हे.

२१/
त्यानंतर ओढणे. घणाचा घाव क्षणभर बसतो आणि बुशाची कड फुलवून ठेवतो. फुललेली कड भोकात आणखी घट्ट बसते. त्यापेक्षा आटे पाडलेली जाड सळई, दोन नट, जाड वॉशर, एका बाजूला बुशाहून किंचित बारीक डट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला बुश मावेल एवढा पोकळ पाइप, अशी जुळणी केली जाते. नट आवळत गेले की बळ सरळ रेषेत आणि सलग लागते. पाटा सुटा करता आला तर हायड्रॉलिक प्रेस हेच काम अधिक सहज करतो. दोन्ही ठिकाणी डोळ्याला खालून नीट आधार हवा. आधार नसेल तर डोळाच वाकतो.

२२/
एवढ्यानेही हलला नाही, तर बुशाचा ताण मोडावा लागतो. हॅकसॉचे पाते एका टोकाने सोडवून भोकातून ओवतात, पुन्हा चौकटीत बसवतात आणि बुशाची भिंत आतून बाहेरच्या दिशेने लांबीभर कापतात. नळीला एक चीर पडली की तिचा वेढा सुटतो. मग बारीक छन्नीने कड आत दुमडली की बुश कोसळतो आणि हाताने निघतो. यात खरे कौशल्य थांबण्याचे आहे. पाते बुशाच्या पलीकडे जाऊन डोळ्यात रुतले, तर तिथे कायमची खाच पडते आणि हलत्या ओझ्याखाली पाट्याला तडा जाण्याची सुरुवात पुढे तिथूनच होते.

२३/
उष्णतेचा मोह सर्वांना होतो. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवून फुगवतो आणि थंड होताना ती चाकाला आवळते. त्याच न्यायाने डोळा तापवला तर तो सैल होईल, असे वाटते. पण पंचवीस मिलिमीटरचे पोलादी भोक २०० अंशांनी तापले तरी जेमतेम ०.०६ मिलिमीटर वाढते. शिवाय आतला बुशही बरोबरीने तापला तर काहीच हाती लागत नाही. फरक महत्त्वाचा. आणि कमानपाट्याचा डोळा लाल होईपर्यंत तापवला, तर पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा पाटा उरत नाही. ज्योत लावायचीच तर ती सांगाड्यावरच्या आधाराला, पाट्याला नव्हे.

२४/
उष्णतेचा शहाणा उपयोग नेमका उलट दिशेने होतो. अनुभवी वेल्डर आधारातल्या पातळ बुशाच्या आतल्या भिंतीवर वेल्डिंगची एक सरळ रेघ ओढतो. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि नळीला आतल्या बाजूस खेचतो. थंड झालेला बुश कित्येकदा हलक्या ठोक्यानेच घरंगळतो. जे बाहेरून रेटून हलले नाही, ते आतून आकसवून निघाले. कारखान्याच्या कोणत्याही पुस्तिकेपेक्षा हे ज्ञान कारागिरांच्या तोंडून तोंडी अधिक पसरले आहे.

२५/
रबरी बुशाचे दुखणे वेगळे. त्याची आतली नळी बोल्टाला गंजून चिकटते. पाना फिरवला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो, पण सोडताच रबर त्याला जागेवर आणून ठेवते. अशा वेळी बोल्ट कापणे हाच मार्ग उरतो. नंतर रबर जाळून टाकण्याची रीत सर्रास दिसते. तिचा धूर विषारी असतो, आग पसरू शकते आणि डोळ्याचे पोलादही तापते. त्याऐवजी ड्रिलने रबरात ओळीने भोके पाडून गाभा बाहेर काढणे वेळखाऊ पण सुरक्षित. उरलेल्या बाहेरच्या नळीला पुन्हा हॅकसॉचीच चीर द्यायची.

२६/
या साऱ्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, हे विसरता कामा नये. वाकलेला पाटा आणि दाबलेली गुंडाळी स्प्रिंग यांत साठलेले बळ हाड मोडण्याइतके असते. सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकलेला हवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आधी स्प्रिंगवरचा भार उतरवायचा आणि मगच सांधा सोडवायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कठीण पोलादाची कपची हातोड्याखालून गोळीसारखी उडते.

२७/
बुश निघाला की तो लगेच भंगारात टाकू नये. तो एक दस्तऐवज असतो. एकाच बाजूने झिजलेला बुश पीन सतत कोणत्या दिशेने रेटली गेली ते सांगतो. डाव्या-उजव्या बुशांच्या झिजेतला फरक गाडी कशी लादली जाई, याकडे बोट दाखवतो. दगडासारखे झालेले ग्रीस चुकलेल्या फेऱ्यांची साक्ष देते. डोळ्यातल्या छन्नीच्या जुन्या खुणा सांगतात की आधीही कुणीतरी इथे झगडून गेले आहे. शेतावरच्या गाडीचे चरित्र सहसा कुणी लिहून ठेवत नाही. ते अशाच सांध्यांत लिहिलेले राहते.

२८/
इथून संवर्धनाचा मूळ प्रश्न उभा राहतो. सारे भाग बदलले तर ती ‘मूळ’ गाडी राहते का? स्मारकांसाठी १९६४ची व्हेनिस सनद आहे. तिच्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. हस्तक्षेप कमीत कमी असावा, शक्यतो उलटवता यावा आणि त्याची नोंद राहावी, हे तिचे सूत्र. त्या कसोटीवर बुश बदलणे निर्दोष ठरते, कारण बदलले जाणे हाच त्याचा धर्म. त्याला काढताना डोळा कापणे किंवा सांगाड्याचा रिव्हेटी आधार तोडणे मात्र दोषास्पद. बळी जाण्यासाठी घडवलेल्या भागाला वाचवण्यात अर्थ नाही. ज्याच्या रक्षणासाठी तो घडवला, त्याला इजा होऊ देणे ही खरी हानी.

२९/
नवा बुश बसवतानाही इतिहास लागतो. ग्रीसचे बुश बसवताना त्यातले भोक निपलच्या वाटेशी जुळले पाहिजे. नाहीतर नवा सांधा पहिल्या दिवसापासून उपाशी राहतो. रबरी बुशाचा बोल्ट गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाखाली उभी असतानाच शेवटचा आवळायचा. हवेत लटकत्या अवस्थेत आवळला, तर गाडी खाली टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बाहेरच्या भिंतीला गंजरोधक लेप लावलेला असेल, तर पुढच्या पिढीचा कारागीर दुवा देईल.

३०/
राजवाडे, किल्ले आणि तोफा यांचा इतिहास लिहिला जातो. दूध, धान्य आणि कुंपणाचे खांब वाहणाऱ्या गाडीच्या सांध्याचा इतिहास लिहायला सहसा कुणी बसत नाही. पण एलियटचा पाटा, गुडइयरचे रबर, झर्कचे निपल, मलायातले मळे आणि शिवडीतली जुळणी हे सारे धागे त्या अंगठ्याएवढ्या नळीत येऊन मिळतात. हॅकसॉचे पाते भोकातून ओवून हलक्या हाताने चीर देणारा आणि डोळ्याच्या भिंतीपाशी नेमका थांबणारा कारागीर त्या इतिहासाला धक्का न लावता पुढे नेत असतो.

(धागा समाप्त)